झीलकरीण

लोकशाहीर दादाराव साळवे २०२०च्या मार्चमध्ये ॲमस्टरडॅमला आले, ते फक्त बारा दिवसांसाठी. रविवारी इथे कार्यक्रम, मग टिलबर्ग, मग आइंडहोवन, की परत नांदेड. पण ते उतरले त्याच आठवड्यात सगळे हॉल बंद झाले आणि पुढच्या आठवड्यात विमानंही. त्यांना बोलावणाऱ्या मंडळाने त्यांची सोय केतन आणि तेजल या जोडप्याकडे केली होती. त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये शाहिरांचा मुक्कामच पडला.

तेजलला आधी दडपण आलं. परभणीला भीमजयंतीच्या गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसून तिने हा आवाज ऐकला होता. आता तेच शाहीर तिच्या ऑफिसच्या मीटिंगा संपेपर्यंत टेबलाशी बसून सुरिनामी भारतीयांच्या दुकानातली मेथी निवडायचे.

गात मात्र नव्हते. विचारलं की म्हणायचे, "शेजाऱ्यांना कशाला त्रास, पोरी?"

रोज दुपारी त्यांच्या बायकोचा, गयाबाईंचा फोन यायचा. त्या नांदेडच्या घरी एकट्याच होत्या.

"अहो, गोळी घेतली का?"

"घेतली."

"पांढरी का गुलाबी?"

दादाराव निमूटपणे उठून गुलाबी गोळी घ्यायचे.

एकदा फोन ठेवल्यावर तेजल म्हणाली, "बाबा, आईंनाही आणायचं ना बरोबर."

"मंडळानं एकट्याचंच विचारलं. मीही तिचं नाव काढलं नाही." ते खिडकीबाहेर कालव्याकडे बघत राहिले. "चाळीस वर्षं ती माझ्या मागं झील धरते. मी ओळ टाकली की ती उचलणार. टाळ्या पडल्या की मी वाकून नमस्कार करायचो. मागं वळून कधी बघितलं नाही. शेजाऱ्यांचं निमित्त आहे, पोरी. तोंड उघडतो, तर मागं कुणीच नसतं."

तेजलने त्याच दिवशी मंडळाला फोन लावला. चौदा एप्रिलची जयंती ऑनलाइन व्हायची होती. शाहीर गाणार असतील, तर गयाबाईंनाही नांदेडहून जोडायचं, असं तिने ठरवून टाकलं.

त्या दिवशी चार वाजता स्क्रीनवर चाळीसएक घरं उघडली. "जय भीम, जय भीम" झालं. दादारावांनी डफ नव्हता म्हणून टेबलावरच ठेका धरला आणि पहिली ओळ टाकली. गयाबाईंची झील आली, पण इंटरनेटमुळे उशिरा. तोवर ते दुसऱ्या ओळीत शिरले होते. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांचा हात टेबलावरच थांबला.

"गया," ते म्हणाले, "तू म्हण."

"मी? अहो, मी कधी पुढं गायलेय?"

"सगळी गाणी पाठ आहेत तुला. म्हण."

मग तेजलकडे वळून हळूच म्हणाले, "आपला आवाज बंद कर."

तिने माइक बंद केला. नांदेडच्या भिंतीला टेकून बसलेल्या गयाबाईंनी पदर सावरला, डोळे मिटले आणि गायला लागल्या. आवाज थोडा खरखरीत होता, पण सुराला पक्का. आणि इकडे, ॲमस्टरडॅमच्या त्या खोलीत, दादाराव प्रत्येक ओळीमागे झील धरत होते. ती कुणालाच ऐकू जाणार नव्हती. फक्त तेजल आणि केतनने ऐकली. तेजलच्या डोळ्यांना धार लागली.

गाणं संपलं. घराघरांतून टाळ्या वाजल्या. गयाबाईंनी घाबरत विचारलं, "चुकलं का हो कुठं?"

दादारावांनी तेजलला माइक सुरू करायला लावला. मग म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात श्वास लवकर तोडलास." आणि डोळे पुसत हसायला लागले.

जूनमध्ये खास विमानाने ते परतले. आधी मुंबईत हॉटेलात सात दिवस, मग घरी सात दिवस वेगळं राहायचं होतं. ते घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गयाबाईंचा तेजलला फोन आला.

"हे बाहेरच्या खोलीत, मी आत. मधलं दार बंद. दिवसभर दाराआडून मला गायला लावतात आणि स्वतः झील धरतात. चूल पेटवायलासुद्धा सवड देईनात बघ!"

तक्रार होती खरी, पण त्या हसत होत्या.