चौदा इंचांचा कट्टा

पुण्याच्या ऑफिसनं एका शुक्रवारी अकरा जणांना घरी पाठवलं, त्यात मी होते. प्रकल्प थांबलेत, बाजार सुधारला की बोलावू, असं सांगितलं. बाजार काही सुधारला नाही. नालवाडीच्या घरी परत येऊन वर्ष होत आलं, आणि माझा अर्ज जिथं रद्दीत गेला नाही असं वर्ध्यात एकही ऑफिस उरलं नाही. बाबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर नोकरी लागली नाही, तर मामांच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. पाच वर्षं आर्किटेक्चर शिकून गिऱ्हाइकाला बाथरूमची फरशी दाखवायची, याची मला भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू?

म्हणून ऑगस्टमध्ये धनंजय साहेबांनी मुलाखतीला बोलावलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. त्यांचं ऑफिस छोटं, पण चालणारं. साहेबांनी चहा पाजला आणि परीक्षा दिली. तीस बाय पन्नासचा काल्पनिक प्लॉट, शेती असलेलं कुटुंब, चार दिवसांत पूर्ण नकाशे. ते चारही दिवस मी कॉम्प्युटरसमोरच जेवले. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एक बुटका कट्टा काढला, तूर निवडत बसायला. त्याची उंची पुस्तकातून घेतली नाही. आईचे गुडघे दुखतात. तिला पाटावर, डब्यावर, पायरीवर बसवून टेपनं मापं घेतली. चौदा इंचांवर ती म्हणाली, "हां, आता बरं वाटते." मी नकाशात चौदा लिहिलं.

साहेबांनी काम बघून मान डोलावली आणि कळवतो म्हणाले. कळवलं नाहीच. दोनदा फोन केला, तर मार्केट बसलंय म्हणाले.

दसरा झाल्यावर मावशीचा डबा परत द्यायला पिपरी मेघेला गेले. तिच्या गल्लीच्या टोकाला बांधकाम चालू होतं. बांधकाम दिसलं की थांबायचं, ही आम्हा आर्किटेक्ट लोकांची खोडच. जिना माझ्या नकाशातल्यासारखाच दाराच्या डावीकडून वळला होता. देवघराची खिडकी पूर्वेला होती. घरं सारखीच असतात, असं मी स्वतःला समजावलं. मग मागच्या बाजूला गेले, तर तिथं कट्टा होता.

एक म्हातारे मिस्त्री त्यावर विटांचा आणखी एक थर चढवत होते. बाजूच्या पोत्यावर नकाशा पसरलेला होता. माझ्या नावाच्या जागी साहेबांचा शिक्का होता.

"साहेबाचं चुकलं वाटते ताई," मिस्त्री म्हणाले. "चौदा इंचाचा ओटा कुठं राह्यते? मी तीस करून राह्यलो."

साहेबांच्या ऑफिसात जाऊन सगळ्यांसमोर त्यांची लाज काढावी, असं वाटलं. तोंडातून मात्र भलतंच निघालं. "दादा, तो बसाले आहे. म्हाताऱ्या बाईले चौदाच बरा पडते."

त्यांनी करणी खाली ठेवली. "तुम्ही साहेबाकडं कामाले आहे का?"

"नाई. परीक्षा देल्ली होती."

त्यांनी पोत्यावरचा नकाशा पुन्हा बघितला. मग ते चढवलेला थर उतरवायला लागले. जाताना मी नाव विचारलं, तर तानबा म्हणाले.

संध्याकाळी साहेबांचाच फोन. दुसरी फेरी आहे म्हणाले. पवनारला दवाखाना, उत्तरेकडे तोंड असलेला काल्पनिक प्लॉट, चार दिवस. या वेळी नक्की बघू. त्यांना काय काय बोलायचं ते मी वाटेभर ठरवलं होतं. म्हटलं, "हो सर." माझी मलाच किळस आली.

बाबा शेजारी बसून ऐकत होते. ते इतके खूश झाले, की त्यांनी लगेच मामांना फोन लावला. "पोरीचं जमून राह्यलं," म्हणाले. मी त्यांना खरं सांगितलं नाही. खरं सांगून मामांचं दुकान दिवाळीच्याही अलीकडे आलं असतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी टेप काढली आणि आईला खुर्चीवर, स्टुलावर, पलंगावर बसवलं. दवाखान्यात पेशंटसाठी बाक लागणार होता. अठरा इंचांवर तिला उठताना हाताचा आधार लागला नाही. नकाशात मी अठरा लिहिलं. माझं नाव टाकायची जागा या वेळी मीच कोरी ठेवली. बाकाशेजारी मात्र मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बसण्यासाठी आहे. उंची वाढवू नये.' तानबा मिस्त्रींना कळेल असं.