पडून राहिलेल्या व्हॉल्व्हची खरखर

इलेक्ट्रॉनिक्सच्या त्या नियतकालिकात संपादक मंडळाची यादी छापायचे, आणि प्रत्येक नावापुढे त्याच्या संशोधनाचा विषय. कुणाचा चिप्स, कुणाचा अँटेना. सगळे ज्यांना व्हॉल्व्हसर म्हणायचे, त्यांच्यापुढे एकच शब्द: व्हॉल्व्ह. हो, तेच, जुन्या रेडिओत पेटायचे ते काचेचे! त्या विषयावर गेल्या कित्येक वर्षांत एक लेख आला असेल तर शपथ. तरी सर जागेला चिकटून होते. कारण मंडळावर आहेत तोवरच विद्यापीठ त्यांना निवृत्तीनंतरही कोपऱ्यातली खोली वापरू देणार होतं. खोली गेली की दिवसभर घरी बसून बायकोच्या पायात पायात करायचं, हा विचारच त्यांना नको व्हायचा.

आणि एके दिवशी चक्क लेख आला.

सरांचा चहा तसाच गार झाला. खूप दिवस पडून राहिलेला व्हॉल्व्ह लावला की आधी खरखरतो, मग गप्प होतो. का? तरुणपणी पीएचडीत सरांनी याच प्रश्नावर डोकं आपटलं होतं आणि शेवटी ‘कारण कळलेलं नाही’ असं लिहून हात टेकले होते. आता कोण कुठली एक बाई म्हणत होती की पडून राहिल्यावर आतला उरलासुरला वायू तारेवर बसतो आणि एकदम तापवलं की उसळतो. सावकाश तापवा, खरखर होणारच नाही.

लेख तपासायला बाहेरचे दोन जाणकार लागतात. सरांनी फोन फिरवले. एक मिळाला, त्यांचा जुना वैरी. तो अजून आहे हे कळून सरांना उलट बरंच वाटलं. दुसरा काही मिळेना. विषय जाणणारे एकेक करून निघून गेले होते.

सर मुख्य संपादिकेकडे गेले. ती त्यांचीच विद्यार्थिनी.

"दुसरा परीक्षक मीच होईन."

"सर, मंडळावरच्या माणसाने परीक्षण करायचं नाही. हा नियम तुम्हीच केलाय."

"घ्या! आपल्याच पायावर धोंडा. मग लेखाचं काय?"

"परत पाठवायचा. दुसरं काय करणार?"

"आणि मी मंडळावर नसलो तर?"

"सर, खोली जाईल."

"माहीत आहे गं," सर म्हणाले. "पण मला कळायला नको का?"

खोली रिकामी करताना त्यांना रडू आलं, खोटं कशाला बोला. व्हॉल्व्हची खोकी घरी आली तेव्हा बायको दारातच उभी.

"अहो, भंगाराचं दुकान काढताय का?"

"बस इथे. ऐक."

माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेला रेडिओ त्यांनी खाली काढला. त्यात सारख्याच बनावटीचे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने लावायचे होते, दोन्ही तेवढेच जुने. पहिला नेहमीसारखा लावला. खर्रर्र! बायकोने कानांवर हात ठेवले. मग दुसरा घेतला आणि वीज थेंबाथेंबाने सोडावी तशी हळूहळू वाढवत नेली. व्हॉल्व्ह लालसर झाला. दोघं कान देऊन बसली.

आवाज नाही.

"बिघडला वाटतं," बायको हळूच म्हणाली.

"नाही गं. बाई बरोबर आहे." सरांचे डोळे भरून आले होते. त्यांनी परीक्षणाच्या कागदावर ‘जरूर छापावा’ असं लिहिलं, आणि पेन तसंच हातात राहिलं.

"आता काय राहिलं?"

"वायू तापून उडाला, ठीक. मग पडून राहिल्यावर परत येतो कुठून?"

बायकोने जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलली आणि खोक्यांना जागा करून दिली.