वाटून दिलेले सवाल

मी कोहिनूर गावच्या शाळेतली खुर्ची बोलतेय. माझ्यासमोर आजवर सगळे हात बांधून उभेच राहिले. तुम्ही तरी बसून ऐका. उभ्या माणसांचा मला आता कंटाळा आलाय.

लिंगराज सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. तेव्हा राज्य निजामाचं. शाळा तपासायला वर्षातून एकदा साहेब यायचे आणि गावात त्यांना बसवायला धड खुर्ची नव्हती. एकदा बाजेवर बसवलं तर सुतळी तुटली आणि साहेब आत गेले. गावाची अब्रू गेली, म्हणून आप्पाराव पाटलांनी स्वतःच्या गोठ्यातलं लाकूड काढून दिलं. लिंगराजचा हात औतं घडवण्यात बसलेला, त्यामुळे मी दणकट झाले, देखणी काही झाले नाही.

माझ्यावर फक्त साहेबांनी बसायचं. बाकीचं वर्ष मी पोरांसमोर रिकामी उभी, अंगावर जुन्या धोतराचा तुकडा. पोरं आत येताना मला नमस्कार करायची. लाकडाला कसला नमस्कार करता, असं कुणीच म्हणालं नाही.

तेव्हाचे मास्तर अमृतप्पा. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. साहेब दरवर्षी तेच ते विचारतात हे त्यांनी हेरलं होतं. मग भावाभावांत शेत वाटावं तसे त्यांनी पोरांत सवाल वाटून टाकले. नदीचा काशप्पाला, पाढ्याचा पाटलांच्या नातवाला, सूर्य कुठं उगवतो तो हेमावतीला. ज्यानं त्यानं आपला सवाल वर्षभर घोकायचा, दुसऱ्याच्या सवालाकडे बघायचंसुद्धा नाही. पोरांना ते बरंच वाटायचं. डोक्याला ताप नाही.

एका साली साहेबांनी विचारलं, "मांजरा नदी किन जिलों से बहती है?"

अमृतप्पांना घाम फुटला. शेवटी हेमावती उठली आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "साहेब, त्यो सवाल काशप्पाचा हाय. त्येला हिवताप आलाय."

अमृतप्पांची बदली झाली.

त्यांच्या जागी गुलबर्ग्याहून श्रीपतराव आले. किडकिडीत, हळू बोलणारे, आणि कुठल्याही गोष्टीचं उत्तर द्यायच्या आधी जरा थांबणारे. गावाला वाटलं, ह्यांना येत नाही म्हणून थांबतात. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या अंगावरचं धोतर काढलं.

"ही कुणाची?"

"साहेबांची," पोरं एका सुरात म्हणाली.

"साहेब येईपर्यंत हिनं काय करायचं?"

ह्या सवालाची वाटणी झालेली नव्हती.

श्रीपतराव घोंगडीवर पोरांच्या ओळीत जाऊन बसले आणि म्हणाले, "आजपासून रोज एकानं खुर्चीवर बसायचं आणि आम्हा सगळ्यांना सवाल विचारायचा. अट एकच. ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, तो सवाल विचारायचा नाही."

पहिले कित्येक दिवस पोरं माझ्यावर नुसती बसायची, पाय हलवायची आणि उतरायची. श्रीपतराव वाट बघायचे. मला त्यांची कीव यायची. वाटायचं, कशाला स्वतःच्या जिवाला लावून घेतोय हा माणूस?

मग एका सकाळी शरणम्मा तेलिणीची गंगव्वा बसली. तिनं बराच वेळ माझी कड नखानं खरवडली आणि विचारलं, "गुरुजी, थंडीत हिरीचं पाणी गरम कामून लागतं?"

श्रीपतराव थांबले. "मला नक्की ठाऊक नाही गं," ते म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं?"

मास्तरला ठाऊक नाही! पोरांची तोंडं उघडीच राहिली. पण त्यानंतर जो कालवा झाला, तो मी जन्मात ऐकला नव्हता. एक म्हणे, जमिनीच्या पोटात चूल असंल. काशप्पा म्हणाला, पाणी हाय तसंच हाय, आपलं अंगच गार पडतंय. श्रीपतरावांनी कुणालाच चूक म्हटलं नाही. "बघितल्याशिवाय कसं कळणार?" म्हणत त्यांनी तीन घागरी मागवल्या. एकीत रात्रभर अंगणात ठेवलेलं गारढोण पाणी, एकीत चुलीवरचं ऊन पाणी, मधल्या घागरीत विहिरीचं. एक हात इकडे, एक हात तिकडे बुडवायचा आणि मग दोन्ही हात मधल्या घागरीत.

"आगं आई!" गंगव्वा ओरडली. "ह्यो हात म्हनतोय गरम, आन् ह्यो म्हनतोय गार! पाणी तर येकच हाय की!"

त्या दिवशी श्रीपतराव शाळा सुटल्यावरही माझ्याशेजारी बसून एकटेच हसत होते. मला फार बरं वाटलं. माझ्यावर बसल्याचं कुणाला तरी सुख झालं होतं.

पण सवाल शाळेत थोडेच कोंडून राहतात? ते घरोघर गेले. आधी बाप्यांनी जेवायचं आणि मागून बायांनी, ते कामून, असं हेमावतीनं पंगतीत विचारलं. एक दिवस आप्पाराव पाटील दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, पोरान्ला काय शिकवायलाव? माजा नातू मला इचारतोय, तुमी पाटील कामून? म्या काय सांगू त्येला?"

"काय सांगितलंत?"

"कानाखाली दिली एक."

"मग त्याला उत्तर अजून मिळालेलं नाही," श्रीपतराव हळूच म्हणाले. पाटील पाय आपटत गेले. मास्तरांच्या कपाळावर त्या दिवशी जी आठी पडली, ती हलली नाही. साहेब यायचे होते.

साहेब आले. सारा गाव दाराशी जमला. मला पुसलं, साहेब बसले. बैलगाडीनं अंग खिळखिळं झालेला दमलेला माणूस. त्यांनी आपला नेहमीचा सवाल केला, "बताओ, सूरज कहाँ से निकलता है?"

हेमावतीनं हात वर केला, काशप्पानं केला, सगळ्यांनीच केला. गंगव्वा मात्र गोंधळून उभी राहिली. तिच्या लेखी खुर्चीचा नियम मोडला होता.

"साहेब, तुमाला ठाऊक न्हाई व्हय?"

"हमें मालूम है."

"मंग ठाऊक असून आमाला कामून इचारायलाव?"

दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. पाटील पुढे धावले, "कान धरून भाईर काडा तिला!" साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि श्रीपतरावांकडे वळले, "ये किसने सिखाया?"

श्रीपतराव थांबले, नेहमीसारखेच. मला कळत होतं काय चाललंय ते. पोरीनं स्वतः विचारलंय म्हणावं, तर पोरीचं शाळेतलं नाव कटणार. मी पढवलं म्हणावं, तर आपली गच्छंती, आणि तेही खोटं. पढवायचं नाही एवढ्यासाठी तर त्या माणसानं जिवाचं रान केलं होतं.

"मी पढवलं, साहेब. सवाल माझा आहे."

गंगव्वा रडकुंडीला आली. "न्हाई गुरुजी! तुमचा न्हाई, माजा हाय! मला सुचलाय त्यो!"

तिचं कुणीही ऐकलं नाही. एवढ्याशा पोरीला काय सुचणार?

श्रीपतरावांची बदली पार तिकडं करजगीकडे झाली. जाताना त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला. गंगव्वा तेवढी आली नाही. मास्तरांनी आपला सवाल चोरला, असंच तिला वाटत होतं. ते घोंगडीवर बराच वेळ तिची वाट बघत बसले होते. हे दुःख मला अजून झेपत नाही. पुढं शरणम्मानं पोरीला घाण्यावर बैलामागं लावलं.

साहेबांचा रागही टिकला नाही. गावोगाव ती हकिगत सांगता सांगता राग गेला आणि गंमत तेवढी उरली. साहेब लोकांत सांगायला चांगला किस्सा झाला.

परवा राज्य बदललं. निजाम गेला. नवे साहेब येणार म्हणून मला पुसून काढलं. नवे मास्तर किशनराव हुशार आहेत. साहेब लोकांना काय आवडतं ते त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. साहेब बसले, सवाल झाला, आणि पहिल्या ओळीतली एक पोरगी उठली. हात बांधून, नजर समोर, एका दमात म्हणाली, "साहेब-तुमाला-ठाऊक-असून-आमाला-कामून-इचारायलाव."

साहेब खूष झाले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. पोरगी खाली बसली आणि शेजारणीला हळूच म्हणाली, "झाला बाई माजा. आता तुजा."

मी थकलेय. तुमच्या घरचं एखादं पोर तुम्हाला नकोसं काही विचारेल, तेव्हा एवढंच करा. उत्तर नसलं तरी चालेल, पण तो सवाल त्याचाच राहू द्या.