बसून जेवणारा माणूस

मास्तरने टेप पोटाभोवती ओढला, आकडा पाहिला आणि टेप सोडून दिला. मग पुन्हा ओढला.

"श्वास सोडा पाहुणे. पोट चोरू नका."

"सोडलाय, दादा."

"मग आत कसं गेलंय?"

"आत कुठं? आहे तिथंच आहे."

एकोणचाळीस. मास्तरने वही उघडून सहा महिन्यांपूर्वीचं पान काढलं. तिथंही एकोणचाळीसच. त्याने वही जरा जोरातच मिटली. टेबलावर मागच्या शिवणीतून उसवलेली पॅंट पडली होती, आणि ती पाहून सकाळपासून त्याचं मन प्रसन्न होतं. आता त्यातली मजाच गेली.

पाहुणे म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बेकरीत भट्टीवर कामाला. मास्तर मनातल्या मनात त्याला पोतं म्हणायचा आणि तोंडावर पाहुणे, पण ज्या सुरात पाहुणे म्हणायचा त्यात पोतं बरोबर ऐकू यायचं. दीड वर्षापूर्वी हेच पोट चव्वेचाळीस भरायचं आणि माप घेताना मास्तरला टेपचं दुसरं टोक शोधायला मागे वाकून बघावं लागायचं.

अठ्ठावीस वर्षं लोकांच्या कंबरा मोजून मास्तरचं माणसांविषयी जे मत झालं होतं ते काही चांगलं नव्हतं. त्यात बारीक होणाऱ्यांविषयीचं तर विचारूच नका. ही मंडळी पॅंटींचं गाठोडं घेऊन यायची आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, मास्तर, सगळ्या दोन-दोन इंच आत घ्या, अंगावर राहीनात. कुणी नुसत्या सुपावर राहिलेला, कुणी उकडलेल्या भाज्यांवर. एका बाईने तीन आठवडे फक्त कलिंगड खाल्लं होतं आणि सांगताना तिचा तोरा असा, की जणू सगळ्या गावाचं ओझं तिनेच उतरवलं. सहा महिन्यांनी तेच गाठोडं परत. आवाज मात्र खाली. मास्तर, जरा ढिल्या करता येतील का, धुण्यात आटल्यात. सगळ्या जगाच्या पॅंटी धुण्यात आटतात, आणि त्याही फक्त कंबरेला.

म्हणून मास्तरने अशा लोकांना पक्की शिलाई मारणंच सोडलं होतं. कापड आत दुमडायचं, वरून लांब लांब कच्चा टाका घालायचा आणि इस्त्री फिरवायची. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. आतलं जास्तीचं कापड तर तो चुकूनही कापत नसे. माणूस परत आला, की बोटाने दोरा धरून एका झटक्यात काढायचा. आपलं मत खरं ठरल्याचं सुख त्याला त्या झटक्यात मिळायचं, आणि तेवढ्यावर आठवडा निघायचा.

पाहुण्यांच्या पॅंटलाही त्याने तेच केलं होतं. तो टाका काल हॉस्पिटलात निघाला.

"काट्यावर चढलो, पाय उचलला आणि मागून टर्रकन," पाहुणे सांगू लागले. ते स्वतःच हसत होते. "नर्सबाई म्हणाल्या, पॅंट धरून उभे राहा, लाजू नका. असेल धागा कच्चा."

"हल्ली धाग्यांचा भरवसाच राहिला नाही," मास्तर म्हणाला.

"या वेळी जरा पक्की मारा. आणि आतलं कापड कापून टाका, दादा. बसलं की टोचतं."

"कापू? आणि पुन्हा फुगलात म्हणजे?"

"नाही फुगणार."

मास्तर नाकातल्या नाकात हसला. सगळेच असं म्हणतात. पण पाहुण्यांनी ते म्हणताना आवाज चढवला नव्हता, आरशाकडेही पाहिलं नव्हतं, आणि हेच त्याला खटकलं.

या पोटावर धाकटीचा जीव अडकलेला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या बसल्या. आठवड्यातून तीन दिवस मशीनला लावावं लागायचं. किडनी द्यायला नवरा पुढे आला, त्याचं सगळं जुळलंही, पण डॉक्टरांनी त्याच्या पोटाकडे पाहून मान हलवली. पंधरा किलो उतरवा म्हणाले, आणि उतरवलेलं सहा महिने टिकवून दाखवा. उपाशी राहून उतरवाल तर आल्या पावली परत पाठवीन. तोवर धाकटीची मापं न विचारता खाली येत होती. तिचे कपडे मास्तरच आत घ्यायचा. पक्क्या शिलाईने.

"खरं सांगा पाहुणे, काय चालवलंय? काकडी, का नुसतंच पाणी?"

"काही नाही. जेवतो."

"ते दिसतंय. पण काय जेवता?"

"सगळंच. फक्त बसून जेवतो."

मास्तरने टेप गळ्यात टाकला. "म्हणजे?"

"वीस वर्षं मी उभ्यानं खात होतो, दादा. भट्टीसमोर. तुटकी बिस्किटं, केकच्या कडा, जळके टोस्ट. ते मी खाण्यात धरतच नव्हतो. घरी येऊन पुन्हा पोटभर जेवायचो. हॉस्पिटलातल्या आहारवाल्या बाई म्हणाल्या, काही सोडू नका, खाताना फक्त खुर्चीवर बसा. बिस्किट खायचंय? खुर्ची आणा, बसा, खा. आता दिवसातून चाळीस वेळा खुर्ची कोण आणणार?"

"मग?"

"दोन महिने तेवढंच. ते अंगवळणी पडलं, मग कामावरून चालत घरी. मग दहाला झोप. एकेक करत गेलो."

"आणि आम्हाला वाटलं, तुम्ही मोठी तपश्चर्या केलीत."

"तपश्चर्या मला कुठली झेपायला."

बसून जेवायचं. एवढी अक्कल शिकवायला हॉस्पिटलने एक अख्खी बाई पगारावर ठेवली होती, आणि हा बैलोबा ती अक्कल कुणी दागिना दिल्यासारखी जपत होता. मास्तरला त्याची कीव आली असती तर बरं झालं असतं. पण आला तो राग.

"काल डॉक्टरांची सही झाली, दादा," पाहुणे पॅंटकडे बघत म्हणाले. "सहा महिने टिकलं. पुढच्या महिन्यात अठरा तारीख दिलीय ऑपरेशनची."

मास्तरच्या हातातला खडू टेबलावर टेकला आणि तिथंच राहिला. त्याला आनंद झाला, नाही असं नाही. पण आनंदाच्या आधी दुसरंच काहीतरी होऊन गेलं.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा विचारलं होतं ते त्याला. सख्खा भाऊ. चार माणसांत छाती पुढे काढून तो हो म्हणाला. ठरल्या दिवशी तपासणीला गेलाही, पण हॉस्पिटलच्या फाटकाच्या आतल्या बाकावर तासभर बसून राहिला. समोरून एका माणसाला चाकाच्या खुर्चीवर बसवून नेलं, त्याच्या अंगातून नळी बाहेर आलेली होती. ती पाहून मास्तर उठला आणि दंडाला सुईही न लावता घरी परतला. संध्याकाळी धाकटीला फोनवर म्हणाला, रक्त जुळत नाही म्हणाले. असू दे दादा, एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून त्याने आपल्याजवळची सगळी तुच्छता या पोटावर खर्च केली होती. पोतं पोतंच राहिलं तोवर त्याची सोय होती. धाकटीचं काही बरंवाईट झालंच, तर बोट दाखवायला ते पोट समोर होतं.

"बसा, चहा आणतो," पाहुणे म्हणाले, आणि रस्ता ओलांडून स्वतःच दोन ग्लास घेऊन आले. खुर्ची ओढून, नीट बसून त्यांनी पहिला घोट घेतला.

मास्तरने आपल्या ग्लासातला घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "साखर विसरला चहावाला."

"विसरला नाही. दादांचा बिनसाखरेचा दे, असं मीच सांगितलं."

"का?"

पाहुण्यांनी आपला ग्लास खाली ठेवला.

"मला माहीत आहे, दादा. तिनं शपथ घातली होती तुमच्याजवळ काढायचं नाही म्हणून. पण आता तारीख ठरली, तर बोलतो. तुमच्या किती मनात होतं द्यायचं. तपासणीत साखर निघाली, त्याला तुम्ही तरी काय करणार? तुमच्या रिपोर्टचा फोन आला हॉस्पिटलातून, तो तिनंच घेतला. ठेवल्यावर कितीतरी वेळ तशीच बसून होती. तुमची काळजी करत."

मास्तर चहाकडे बघत राहिला. ज्याच्या अंगातून थेंबभर रक्त कुणी काढलं नव्हतं, त्याचा रिपोर्ट कसला येतोय? हॉस्पिटलने तिला एकच विचारलं असणार, तुमचे भाऊ आले का नाहीत. आणि रक्त जुळत नाही हे तिने नवऱ्याला सांगितलंच नव्हतं, कारण ते खपलंच नसतं. तिच्या बाळंतपणात मास्तरनेच तिला रक्त दिलं होतं आणि सतरा वर्षं येताजाता तो ते सगळ्यांना ऐकवत आला होता. थाप मारायची तर धड मारावी, एवढीही अक्कल त्याला सुचली नव्हती. तेही तिलाच निस्तरावं लागलं.

"घाबरू नका साखरेला," पाहुणे म्हणत होते. "एकदम सगळं सोडायला जाऊ नका, चार दिवसांत कंटाळाल. एकच धरा. आधी चहा. आणि सकाळी सहाला मी चालायला निघतो, तुमच्या दारावरूनच जातो. उद्यापासून हाक मारीन. तीच म्हणाली, दादाला घेऊन जात जा."

मास्तर काहीतरी बोलणार होता. फार दिवसांनी एखादं खरं वाक्य त्याच्या तोंडाशी आलं होतं. पण समोरचा माणूस इतक्या मनापासून त्याची काळजी करत होता, की ते गिळावं लागलं. त्याने पॅंट ओढून घेतली, जास्तीचं कापड कापलं आणि पक्की शिलाई मारून दिली. पाहुणे ती तिथंच पडद्याआड जाऊन घालून आले, दोनदा उठले-बसले, आणि खूश होऊन गेले.

दुकान बंद करायच्या वेळी धाकटीचा फोन आला.

"चहा प्यायलास, दादा?"

"प्यायलो."

"ते सहाला येतील."

मास्तरने पंखा बंद केला. दुकानात कुणी नव्हतं तरी तो हळू आवाजात बोलला.

"मला साखर नाही, हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे." मशीनवरून आलेल्या दिवशी तिचा आवाज असाच बारीक यायचा. त्यात राग नव्हता. राग असता तर मास्तरला उत्तर देता आलं असतं. "त्यांना माहीत नाही. तूही देणार होतास, असं त्यांना वाटतं. ऑपरेशनच्या टेबलावर झोपताना त्यांना तसंच वाटू दे."

"आणि ऑपरेशन झाल्यावर?"

"झाल्यावरही."

त्याने गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला. फोन ठेवावा असं दोघांपैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

"मग किती दिवस चालायचं मी?" शेवटी त्याने विचारलं.

"दिवस कसले, दादा," ती म्हणाली. "रोज."