आवळायच्या बाजूने

बहीण-भावाचं पटत नाही असं म्हणणं म्हणजे त्या दोघांवर उपकार करणं. त्यांच्यात विस्तव जात नव्हता. तरी बाप गेल्यापासून दोघं एकाच गॅरेजात, एकाच पत्र्याखाली, एकमेकांना पाण्यात बघत गाड्या दुरुस्त करत होते. भाऊ इंजिनाचं बघायचा, आरडाओरडा करायचा आणि मालक म्हणून मिरवायचा. बहीण गाड्यांच्या वायरिंगचं बघायची. गिऱ्हाइकं तिला ठिणगी म्हणायची, आणि खरं सांगायचं तर निम्मी गिऱ्हाइकं यायची ती तिच्याचसाठी.

ती ठिणगी आज चालली होती. पलीकडच्या गावात तिने स्वतःच्या दुकानासाठी जागा बघितली होती. दुपारपर्यंत सामानासकट हजर हो, नाहीतर दुसरा दारात उभाच आहे, असं जागामालकाने बजावलं होतं. सामान तिच्या जुन्या गाडीत भरून झालं, पण गाडीचंच घोडं अडलं होतं. चावीमागचा स्विच आतून जळून वितळला होता. चावी फिरेना, आणि चावी फिरल्याशिवाय स्टिअरिंगचं लॉक सुटेना. तिला त्याची फारशी फिकीर नव्हती. नवा स्विच तिच्या खिशात होता. जुना एका बारक्या स्क्रूवर बसलेला; तो काढायचा, नवा लावायचा, की झालं. काल संध्याकाळी कव्हर उघडून तिने तो स्क्रू बघूनही ठेवला होता. चांगला होता.

सकाळी ती स्टिअरिंगखाली उताणी पडली, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, जोर लावला, आणि तो गर्रकन फिरून निसटला. तिने टॉर्च मारून बघितलं. स्क्रूच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते, तिच्या जागी नुसता गोल खड्डा होता.

"काय बाईसाहेब, निघालात ना?" दादा गाडीच्या दाराला टेकून उभा होता. त्याची जीप फाटकात आडवी लावलेली होती आणि ती हलवायची त्याला मुळीच घाई नव्हती.

"स्क्रू घासलाय."

"निघाल्या दुकान थाटायला आणि एक स्क्रू सुटेना! नाचता येईना अंगण वाकडं."

"काल हा चांगला होता, दादा."

"काल तूही चांगली होतीस."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण उताण्या माणसाला भांडता येत नाही, म्हणून तिने आधी स्क्रूकडे मोर्चा वळवला. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून खड्ड्यावर धरला आणि वरून स्क्रू ड्रायव्हर दाबला. रबर फाटलं. गंज सुटायचं तेल मारलं, ते ओघळून तिच्याच गळ्यावर आलं. दादा हसला. त्याचं हसणं तिला लहानपणापासून डोक्यात जायचं, आज तर जास्तच गेलं.

आई मागच्या दारात कप घेऊन उभी होती. घर गॅरेजच्या पाठीलाच होतं. "राहू दे गं," ती म्हणाली. "आज नाही तर उद्या जाशील."

"उद्या जागा राहणार नाही, आई."

"नाही राहिली तर नाही राहिली. इथे काय कमी आहे तुला?"

ड्रिल मारून स्क्रूचं डोकंच उडवायचं ठिणगीच्या मनात आलं होतं, पण हात आत पोचत नव्हता. मग तिने बारकी छिन्नी घेतली, स्क्रूच्या कडेला तिरकी लावली आणि हातोडीने सोडायच्या बाजूला हलके टोले द्यायला सुरुवात केली. दोनदा छिन्नी घसरली, एकदा बोट सोललं. एक अस्सल शिवी तिच्या तोंडून निघाली, बापाचीच. मग कुईं असा आवाज आला आणि स्क्रू केसभर हलला. तेवढंच हवं होतं. पुढचं चिमट्याने झालं.

ती बाहेर आली आणि उजेडात स्क्रू धरून बघत राहिली. खाचेची सोडायच्या बाजूची कड अजून थोडी उरली होती, तिच्यावर फक्त ठिणगीचा आजचा ओरखडा. आवळायच्या बाजूची कड मात्र पार भुईसपाट, आणि धातूची चुरमडलेली किनार तिकडेच कललेली. स्क्रू सोडताना घासला नव्हता. कुणीतरी तो आवळायच्या बाजूने जीव खाऊन फिरवला होता, मुद्दाम, तो परत निघू नये म्हणून.

"हे तू केलंस," ती म्हणाली आणि स्क्रू त्याच्या नाकासमोर धरला. "रात्री उठून केलंस. हे बघ, आवळून घासलाय. मी गेले तर तुझी दुकानदारी बसेल म्हणून. लाज नाही वाटली?"

दादाने स्क्रू घेतला, फिरवून बघितला. त्याचं हसू मावळलं.

"अगं अक्कलशून्ये," तो सावकाश म्हणाला, "मला करायचं असतं तर मी सोडायच्या बाजूने घासला असता. मग तुझ्याच हातून निसटला म्हणून बोंब मारता आली असती. आवळून कोण घासतं? ज्याने जन्मात स्क्रू सोडला नाही, तोच."

एवढ्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्या दोघांच्या मनात एकाच वेळी एकच गोष्ट आली. दोघांनी मागच्या दाराकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" आई म्हणाली. मग तिने कप उंबऱ्यावर ठेवला. "हो, मीच. तुमच्या बाबांनी घासलेल्या स्क्रूला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या मलाही नाही दिल्या. डोकं घासलं की तो हलत नाही, एवढं मला कळतं."

"पण का, आई?"

"का म्हणून काय विचारतेस? तू गेलीस की या गॅरेजला कुलूप! याला दोन तारा धड जोडता येत नाहीत. याच्या जिवावर टाकून चाललीस होय मला?"

तिने हे दादासमोर, दादाकडे बोट दाखवून म्हटलं, जणू तो गॅरेजातला एखादा बिघडलेला पंप होता. दादाचे कान लाल झाले. ठिणगीला इतका राग आला होता की तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं, आणि हा राग नेमका कुणावर आहे हे तिला सांगता आलं नसतं. तिने नवा स्विच बसवला, नवा स्क्रू लावला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"अरे, थांबव तिला!" आई ओरडली. "मी तुझ्यासाठीच केलं ना हे!"

"माहीत आहे," दादा म्हणाला. "म्हणूनच सांगतो, आत जा."

त्याने जीप मागे घेतली आणि फाटक उघडलं. गाडी त्याच्याशेजारी आली तेव्हा त्याने खिडकीवर हात ठेवला. नजर रस्त्याकडे.

"तुलाही तसंच वाटतं? दोन तारांचं?"

हे वाक्य ती त्याला रोज ऐकवत आली होती, गिऱ्हाइकांसमोर, हसत हसत. आज ते तोंडातून निघेना.

"नाही," ती म्हणाली.

"खोटारडी," दादा म्हणाला आणि तिच्यामागे फाटक लावून घेतलं.