गुरुवारपासून किंचित दिलासा

सोमवार. कमाल ४४.६, किमान ३१.८.

प्रादेशिक हवामान अंदाज, पुढील सात दिवस. उष्णतेची लाट कायम राहील. रात्रीही उकाडा जाणवेल. गुरुवारपासून तापमानात दोन ते तीन अंशांनी घट होऊन किंचित दिलासा मिळण्याची शक्यता.

यातली शेवटची ओळ ही माझी चूक आहे. दर सोमवारी आम्ही मागच्या सोमवारची फाइल उघडतो, आकडे बदलतो, तारीख बदलतो आणि सही करून पाठवतो. मागच्या आठवड्यात ती ओळ खरी होती, गुरुवारी पारा दीड दिवस उतरलाही होता. या सोमवारी मात्र एकाही नकाशात घट नव्हती. लाटेचा सव्विसावा दिवस होता, डोकं चालत नव्हतं. आकडे बदलले आणि ओळ तशीच राहिली.

घरी आले तेव्हा अप्पा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन मोबाइलवर अंदाजच वाचत होते. आमच्या घरात आम्ही दोघंच. पाचवा मजला, वर थेट स्लॅब. दिवसभर मी ऑफिसच्या गार खोलीत आणि माझे वडील या भट्टीत. मागच्या पंधरवड्यात ते दोनदा चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, इथून हलवा, तिसऱ्या वेळी उठतीलच असं नाही. म्हणून मी बुधवारची दोन तिकिटं काढून ठेवली होती, पहाटे साडेपाचच्या बसची. आठ तासांवर, डोंगरावर, ताईचं घर आहे. तिथे पारा तिशी ओलांडत नाही.

"या वेधशाळाबाई," अप्पा म्हणाले. "तिकिटं परत कर."

"का?"

"गुरुवारी उतरतंय ना? एका दिवसासाठी आठ तास हाडं खिळखिळी करून घेऊ? शिवाय जावईबापू घोरतात. गारवा असून उपयोग काय, झोप नको?"

"अप्पा, ती ओळ चुकून राहिलीय. मागच्या आठवड्यातली आहे."

"मला घालवायला काहीही सांग."

"तुमची शपथ."

"माझी शपथ कशाला घेतेस, आधीच मी अर्धा गेलोय. हे बघ, घरी तू तोंडाने बोलतेस. तिथे सही करून बोलतेस. मी सही धरणार."

अप्पा एकतीस वर्षं बसस्थानकावर नियंत्रक होते. सुटणाऱ्या गाड्या खडूने फळ्यावर लिहायच्या, हे त्यांचं काम. ड्रायव्हर काही सांगो, प्रवासी गयावया करोत, फळ्यावर बदल झाल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही.

"दुरुस्ती काढ," ते म्हणाले. "छापून आली की पिशवी भरतो. बस काय पळून जातेय? साडेपाचची एकतीस वर्षं मीच सोडली. एक दिवस चुकली नाही."

मंगळवार. कमाल ४५.१.

साहेबांना चूक सांगितली. त्यांनी पेपरवेट फिरवला.

"कालपासून चौकशीचे फोन निम्म्यावर आलेत," ते म्हणाले. "लोक गुरुवारच्या आशेवर जरा शांत झालेत. होऊ द्या. गुरुवारी बघू."

मी टेबलावर हात आपटला. म्हणाले, साहेब, या ओळीच्या भरवशावर लोक घरात बसून राहताहेत, माझे वडील बसून राहिलेत. ही ओळ माणसं मारील.

मंगळवार (दुरुस्त).

वर म्हटलं आहे की मी टेबलावर हात आपटला. आपटला नाही. मी "बरं साहेब" म्हणाले आणि बाहेर पडले. दार नीट लोटून घेतलं, गारवा जाऊ नये म्हणून.

हेही सांगायला हवं की दुरुस्ती काढायला साहेबांची परवानगी लागतच नाही. ज्याची सही त्याची दुरुस्ती. फक्त खाली कारण लिहावं लागतं. 'मजकूर बदलायचा राहिला' असं मला साऱ्या प्रदेशाला सांगावं लागलं असतं. चौदा वर्षांच्या नोकरीत माझी एकही दुरुस्ती निघालेली नव्हती. लाज वाटली. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

दुपारी नकाशे रंगवणारा माझ्या टेबलाशी आला. "पिवळा संपला, केशरी संपला, लाल संपला. आज जांभळा लावलाय बाई. उद्या काय करू, कागदाला भोक पाडू?"

मी हसले. चांगली खळखळून हसले.

संध्याकाळी अप्पांनी दारातच विचारलं, "आली दुरुस्ती?"

"नाही."

"बघ!" त्यांनी विजयाने पेला तोंडाला लावला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"अप्पा, माझ्यासाठी चला."

"तुला काय झालंय? तू तर गार खोलीत असतेस."

बुधवार. पहाटे पाच, तापमान ३३.

तिकिटं हातात घेऊन मी त्यांच्या खाटेशी उभी राहिले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागे होते. झोपलेला माणूस पायाची बोटं हलवत नाही.

बुधवार. अकरा वाजता.

परिवहन विभागाची सूचना आली. घाटात डांबर वितळून दोन गाड्या रुतल्या आहेत. डोंगराकडच्या सर्व फेऱ्या आजपासून बंद, खासगी वाहनांनाही मनाई. गुरुवारपासून दिलासा मिळण्याचा अंदाज असल्याने त्यानंतर फेरविचार केला जाईल.

पहाटेची साडेपाचची शेवटची ठरली होती.

बुधवार. बारा वाजून पाच मिनिटं.

दुरुस्ती. सोमवारच्या अंदाजातील शेवटचे वाक्य रद्द समजावे. पुढील दहा दिवसांत तापमानात घट अपेक्षित नाही. कारण: मजकूर बदलायचा राहिला.

सही केली. कुणाला विचारलं नाही. कालही विचारायची गरज नव्हती.

पंधरा मिनिटांत चौकशीचा फोन वाजला. माझा मोबाइल सोडून अप्पांनी तो नंबर फिरवला होता.

"हवामान का?"

"अप्पा, मीच."

"वाचली दुरुस्ती. पिशवी भरतोय. दोन सदरे, गोळ्या, चष्म्याचं घर. बास ना? ताईला कळव, आणि सांग की मला वेगळी खोली लागेल, घोरण्यापासून लांब. उद्याची साडेपाच ना?"

मी फेऱ्या बंद झाल्याचं सांगितलं.



"साडेपाचचीसुद्धा?"

"सगळ्याच."

"लेखी आलंय?"

"आलंय अप्पा."

"बरं," ते म्हणाले. "ठेव आता. बाकीच्यांचे फोन येत असतील."

येत होते. मधल्या वेळात मी दवाखान्यात विचारलं. तिथे जमिनीवरसुद्धा जागा नव्हती. साहेबांना विचारलं, वडिलांना इथे आणून बसवू का. ते मऊ आवाजात म्हणाले, "ही यंत्रांची खोली आहे हो. तुम्ही एकाला आणलंत की सगळे आणतील." आणि खरंच, सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी होतं.

बुधवार. कमाल ४५.९.

सहाला घरी पोचले. पिशवी दाराशी बंद करून ठेवलेली. अप्पा खोलीत नव्हते, न्हाणीघरात होते. फरशीवर पाणी ओतून त्यात आडवे झाले होते. डोळे उघडे. नळ दुपारीच गेला असावा, कारण त्यांच्याभोवतीची फरशी कडेकडेने वाळत आली होती.

"अप्पा, उठा."

"उठून कुठे जाऊ?"

मी काखेत हात घालून त्यांना उचलायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "राहू दे गं, तुझीच कंबर धरेल."

बादलीच्या तळाशी थोडं पाणी होतं. मी त्यांच्या शेजारी बसले, मगाने ते घेतलं आणि त्यांच्या छातीवर सोडलं.

"गरम आहे," ते म्हणाले, आणि तरी चेहरा पुढे केला.