हाय, संघप्रिया

कॉलेजनं हजेरी ॲपवर नेली आणि सरांचा घसा वाचला. पोरांचे प्राण कंठाशी आले, त्याचं कुणाला काय. दिवसातून कधीही मोबाईल टिंग करणार, लगेच धडा उघडायचा, मध्येच ॲप विचारणार, "तू उपस्थित आहेस का?" उत्तर तोंडानंच द्यायचं. एकाच्या नावानं दुसऱ्यानं बोट टेकवू नये म्हणून ही अक्कल लढवलेली.

कोडोलीची संघप्रिया बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, कोल्हापुरात वसतिगृहात राहायची. टिंग झालं की हातातला घास टाकून पळायची. आंघोळीलासुद्धा मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यायची. डोकं ठणकायचं, झोप उडाली होती. पण हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, म्हणून तिनं एकही धडा चुकवला नाही. बाकीच्या पोरी शाळेच्या सवयीनं "येस सर" म्हणून मोकळ्या व्हायच्या. ही खणखणीत आवाजात सांगायची, "हाय." ॲप गोड आवाजात म्हणायचं, "हाय, संघप्रिया." झालं, हिचा जीव भांड्यात पडायचा. आहे म्हणतंय की ते.

हजेरीचे आकडे दिसले ते वर्ष संपतानाच. तिच्या नावापुढं शून्य होतं.

ती विचारायला गेली तेव्हा वर्गाच्या उदयसिंह सरांनी ॲपमधला तिचा आवाज ऐकला आणि त्यांना हसूच फुटलं. "अगं, त्याला ते इंग्रजीतलं हाय वाटलं. तू रोज त्याला नमस्कार घालत होतीस."

"सर, आवाज माझाच हाय की. मग मी न्हवतो व्हय तिथं?"

सरांचं हसू मावळलं. त्यांना पटलं होतं, पण आकडे बदलायची सोय कॉलेजकडं नव्हतीच. "पुढच्या वर्षी जरा शुद्ध बोल," एवढंच म्हणाले. पोरीचं वर्ष गेलं, आणि सल्ला काय, तर शुद्ध बोल. संताप येतो नुसता.

"काढून टाक ते ॲप," खोलीतली निशिगंधा म्हणाली.

"काढून जाऊ कुठं? पुढच्या वर्षाची हजेरीबी त्यातच हाय."

परीक्षेला बसू न दिलेल्यांसाठी ॲपनं पहिल्या पेपरच्या दिवशीच जादा तास ठेवले. निशिगंधा पेपरला निघाली होती, चपला घालत होती. टिंग झालं. संघप्रिया दचकून उठली, तिनं ओढणी सारखी केली आणि शब्द तोडून तोडून म्हणाली, "होय, मी उपस्थित आहे."

ॲपनं नव्यानंच आणलेली हजेरीची हिरवी खूण उमटली. निशिगंधानं बाहेरून दार हळूच ओढून घेतलं.